सही नवऱ्याची, पिशवी माझी

सोलापूरच्या एका ताई लिहितात: "पहिलं बाळंतपण सिझरचं. नंतर पाळी संपली तरी आठ-आठ दिवस डाग जायचे. सिझरच्या टाक्यांच्या जागी खाच पडलीय, दुर्बिणीतून शिवू, असं पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. भूल उतरल्यावर कळलं, रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवीच काढली. सही नवऱ्याची घेतली. मला दुसरं मूल हवं होतं. दीड वर्ष होत आलं. केस होईल का?"

ताई, होईल. पण नुसता रक्तस्राव झाला म्हणून नाही. त्या खाचेलगत गर्भाशयाच्या मोठ्या धमन्या असतात, वर मूत्राशय चिकटलेलं असतं. निष्णात हातांनाही तिथे रक्त लागतं. ते रोखायचे उपाय आहेत: व्हॅसोप्रेसिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) टोचणं, धमन्या काही वेळ क्लिपने बंद ठेवणं, टाके घालणं, गरज पडल्यास पोट उघडणं. सगळे करायलाच हवेत असं नाही. पण काय केलं, किती वाजता केलं आणि पिशवी काढायचा निर्णय कधी झाला, यावर तुमची केस उभी राहील.

आता सही. समीरा कोहली खटल्यात दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईंचं गर्भाशय आईच्या होकारावर काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तो होकार ग्राह्य धरला नाही. सज्ञान बाईच्या वतीने आई नाही, तसा नवराही नाही. मात्र जीवच धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीविना पुढे जाऊ शकतात. तुमचा जीव खरंच धोक्यात होता का, हे कागदच सांगतील.

म्हणून याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद, भूलतज्ज्ञांचा तक्ता (त्यात रक्तदाब वेळेसह असतो), रक्तपेढीची मागणी, पिशवीचा तपासणी अहवाल आणि चित्रीकरण असेल तर तेही मागा. नियमाने नोंदी 72 तासांत मिळायला हव्यात. त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. तुमच्याकडे जेमतेम सहा महिने आहेत. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे तारखांसाठी पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस धरायला नको. बिल पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. पोलिसांत आत्ताच जाऊ नका: फौजदारीत घोर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि तज्ज्ञाच्या मताआधी ती वाट धरणं मला पटत नाही.

यजमानांवर राग धरू नका. ऑपरेशन थिएटरच्या दारात सही करताना त्यांना विचार करायला किती मिनिटं मिळाली, हेही लिहून काढायला सांगा. ती साक्ष आपल्याला लागेल.