वाचकांचे प्रश्न : कोल्ड फ्यूजनमध्ये नॅनोचं काय काम?

प्रश्न : कोल्ड फ्यूजन १९८९ मध्येच निकालात निघालं ना? मग आता नॅनो-फॅब्रिकेशन करून त्यावर पैसे कशाला घालतायत? – मटेरियल सायन्सची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : कोल्ड फ्यूजन म्हणजे प्रचंड तापमान न लागता, साध्या तापमानाच्या आसपास अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या शास्त्रज्ञांनी जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याचं जड रूप, ड्यूटेरियम, असतं) पॅलेडियम या धातूचा कॅथोड म्हणजे ऋण टोक ठेवून करंट सोडला आणि रासायनिक क्रियेतून निघेल त्याहून जास्त उष्णता मिळाली असं सांगितलं, मग जगभर लोक कामाला लागले, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातसुद्धा (बीएआरसी) पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या टीमने न्यूट्रॉन आणि ट्रिटियम, म्हणजे फ्यूजन झाल्याच्या खुणा, सापडल्याचं कळवलं, पण इथे दिसलं ते तिथे दिसेना आणि एकाच लॅबमध्येही पॅलेडियमच्या एका तुकड्यात दिसलं तर दुसऱ्यात नाही. माझ्या मते खरी गोम त्या धातूत आहे.

पॅलेडियम ड्यूटेरियम भरपूर पितं, पण पिताना फुगतं, साधारण १० टक्क्यांनी. जाड तुकडा असला की बाहेरची बाजू आधी फुगते, आतली मागे राहते, ताण येऊन बारीक तडे जातात आणि भरलेलं ड्यूटेरियम तिथूनच निसटतं. कॅलिफोर्नियात मॅकुब्रे या संशोधकाच्या टीमचं म्हणणं होतं की १० पॅलेडियम अणूंमागे जवळपास ९ ड्यूटेरियम अणू भरल्याशिवाय जादा उष्णता दिसतच नाही, आणि तिथवर पोचतानाच सगळ्यांची दमछाक होते.

नॅनो-फॅब्रिकेशन, म्हणजे नॅनोमीटरच्या (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या) मापात वस्तू घडवणं, इथे कामाला येतं. काही नॅनोमीटरचा थर पटकन भरतो, ताण सोसतो आणि मुख्य म्हणजे दर वेळी तसाच्या तसा बनवता येतो. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात इवामुरा यांची टीम स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून त्यांचा पातळ थर बसवायची पद्धत) निकेलच्या पत्र्यावर २ नॅनोमीटर तांबं, १४ नॅनोमीटर निकेल असे आलटून पालटून थर देते, हायड्रोजन भरून तापवते, आणि जादा उष्णता मिळते असा त्यांचा दावा आहे. पण जितकं बारीक तितकं चांगलं असं अजिबात नाही हं, पॅलेडियमचे कण फार लहान झाले की त्यांची हायड्रोजन धरून ठेवायची क्षमताच कमी होते.

पुरावा अजून कच्चाच आहे. गूगलच्या पैशातून झालेल्या कामात कोल्ड फ्यूजनचा काहीच पुरावा सापडला नाही, तसं त्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये स्पष्ट लिहिलं. तरी २०२३ मध्ये अमेरिकन सरकारच्या आर्पा-ईने (ऊर्जा संशोधनाला पैसे देणारी संस्था) या विषयावरच्या ८ टीमना मिळून १ कोटी डॉलर दिले, आणि मला ते योग्यच वाटतं, कारण नमुना सारखा असेल तरच हो की नाही ठरवता येईल.

तू या विषयावरचा पेपर वाचशील तेव्हा उष्णतेच्या आकड्याआधी लोडिंग रेशो, म्हणजे धातूच्या एका अणूमागे किती हायड्रोजन किंवा ड्यूटेरियम अणू भरले, तो कसा मोजला ते शोध, रेझिस्टन्सवरून की एक्स-रेने, आणि हायड्रोजन न भरता तोच नमुना तापवून बघितलाय का तेही.