गाडी उभी का राहिली, हे सांगता येईल का?

आलेलं पत्र थोडक्यात असं : ‘मॅडम, मी चोपडा तालुक्यातली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तीन ट्रक आहेत, केळी भरून दिल्लीकडे जातात. हिशोबाची वही आई लिहिते. मला ट्रान्सपोर्टच्या सॉफ्टवेअरवर काम करायचं आहे, म्हणजे गाड्या लावणं, ट्रॅकिंग, डिलिव्हरी वगैरे. एक क्लास ‘टीएमएस सर्टिफिकेट, नोकरीची हमी’ म्हणत ६० हजार मागतोय. पप्पा म्हणतात, “हाई लाईन पोरीसनी नही शे.” क्लास लावू की पुण्याला जाऊन एमबीए करू?’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना नजर अडकली ती एकाच वाक्यावर : हिशोबाची वही आई लिहिते. तू ते सहज लिहून पुढे गेलीस. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे.

टीएमएस, म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट सिस्टीम’, नेमकं काय असतं ते क्लासवाल्याच्या पत्रकात कळणार नाही. मालाची ऑर्डर येते. कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, भाडं किती, ॲडव्हान्स किती हे ठरतं. बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती, फाटते, लागत असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, निघतं, गाडी सुटते. मग ती कुठे पोचली, माल कधी उतरला, पोच आली का, बिल लागलं का, पैसे आले का. ही सगळी साखळी एका ठिकाणी मांडणारं सॉफ्टवेअर म्हणजे टीएमएस. आता आईची वही उघडून बघ. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी तिच्या अक्षरात सापडतील.

मग वहीत काय नसतं? गाडी उभी राहिल्याचा खर्च. समज, एका गाडीचा महिन्याचा हप्ता ४२ हजार, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार २४ हजार, आणि विमा, टॅक्स, टायर हे सगळं महिन्यावर वाटून १८ हजार. झाले ८४ हजार. म्हणजे गाडी चालो वा न चालो, रोजचे २,८०० रुपये जळतात. आझादपूर मंडीत माल उतरायला दोन दिवस आणि परतीचा माल मिळायला तीन दिवस लागले, तर १४ हजार गेले. डिझेल, टोल, भत्ता आई लिहीत असेल. हे १४ हजार कोणी लिहीत नाही, कारण ते कोणाच्या हातात मोजून दिलेले नसतात. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. तुमचे काढ.

माझं म्हणणं एवढंच आहे की सॉफ्टवेअर शिकण्याआधी फेरीचा हिशोब शिक. बटणं कुठे दाबायची हे कुठलीही कंपनी नव्या माणसाला दोन आठवड्यांत दाखवते. मोठ्या कंपन्यांत एसएपी किंवा ओरॅकलचं असतं, लहान ट्रान्सपोर्टवाल्यांकडे कुठल्यातरी देशी कंपनीचं, आणि बऱ्याच जणांकडे टॅली, एक्सेल आणि व्हॉट्सॲप ग्रुप मिळून जे काही बनतं ते. एकावरचं दुसऱ्यावर जसंच्या तसं चालत नाही. गाडी उभी का राहिली, हे मात्र सगळीकडे सारखंच विचारलं जातं.

धुळ्याला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी एक दिवस बसले होते. भिंतीवर मोठा पडदा, नकाशावर हिरवे ठिपके. पडद्यावर १४ गाड्या ‘वाटेत’ दिसत होत्या. त्यातल्या कितीतरी दोन दिवसांपूर्वीच रिकाम्या झालेल्या! ड्रायव्हरने पोच घेतली, खिशात ठेवली आणि ॲपवर फोटो टाकायचा राहिला. पडद्यासमोर इंजिनिअर मुलगा बसला होता, पण मालक विचारत होते शेजारच्या टेबलवरच्या जुन्या मुनीमजींना. मुनीमजी एकेक ड्रायव्हरला फोन लावत होते आणि आवाजावरून ओळखत होते की हा धाब्यावर आहे की खरंच पंक्चर काढतोय. त्या दोघांची कामं एकाच माणसाला जमली, तर ती नोकरी त्याचीच.

तुला वाटत असेल, रूट काढणं म्हणजेच हे सॉफ्टवेअर. तसं पाहिलं तर तो फारच गमतीचा भाग आहे. एका टेम्पोला दहा दुकानांत माल टाकायचा असेल, तर कोणतं दुकान आधी आणि कोणतं नंतर याचे ३६ लाख २८ हजार ८०० क्रम होतात. १९५९ साली डान्झिग आणि रॅमसर या दोघांनी पेट्रोलचे टँकर पंपांवर कसे पाठवावेत यावर गणित मांडलं, तेव्हापासून माणसं या प्रश्नामागे लागली आहेत. किराणा, दूध, औषधं, कुरिअर यांना ते लागतं. पण तुमच्या केळीच्या गाडीला नाही. एका जागी भरली, एका मंडीत उतरली. बिजासन घाटातून जायचं की बऱ्हाणपूरवरून, हे ड्रायव्हर सॉफ्टवेअरपेक्षा बरं सांगेल. तुमच्या गाड्यांना परतीचा माल, कागदांच्या तारखा आणि फेरीनिहाय नफा-तोटा दाखवणारं काही हवं. कोणत्या धंद्याला सॉफ्टवेअरचा कोणता भाग लागतो हे ओळखता येणं ही अर्धी नोकरी आहे.

आणखी एक, जे केळीवाल्यांच्या घरात बहुतेक कोणी शिकत नाही. ताज्या केळीवर जीएसटी नाही, म्हणून ई-वे बिलही लागत नाही. पण तू जळगावच्या एमआयडीसीत पाइप किंवा चटईच्या कारखान्यात डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करण्याच्या कामाला, बसलीस, तर सगळा दिवस त्यातच जाईल. राज्याबाहेर जाणारा ५० हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल हवंच. हे १ एप्रिल २०१८पासून आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, म्हणजे हजार किलोमीटरला पाच दिवस. घाटात गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर बिलाच्या ‘भाग ब’मध्ये नवा गाडी नंबर टाकायचा. मुदत संपायला आली असेल तर संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवायची. चुकलं आणि गाडी पकडली गेली, तर कराच्या दुप्पट दंड बसू शकतो. रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन आला आणि तुला एवढं माहीत असलं, तर त्या रात्रीपुरती तू मालकापेक्षा मोठी.

आता तुझे प्रश्न.

क्लास : ६० हजार देऊ नकोस. जायचंच असेल तर आधी विचार, कोणत्या सॉफ्टवेअरचं चालू लॉगिन देणार, की फक्त पडद्याचे फोटो दाखवणार? आणि मागच्या तुकडीतल्या तीन मुलांशी फोनवर बोलू द्याल का? दुसऱ्या प्रश्नावर विषय बदलला की उठून ये. ‘नोकरीची हमी’ कागदावर लिहून देणारा क्लास मला तरी अजून भेटलेला नाही.

एमबीए : आत्ता नको. आधी दोन वर्षं काम कर, मग तिथे बसून काय ऐकायचं ते तुला कळेल. तेव्हा फक्त पुण्याकडे पाहू नकोस. बडोद्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय २०२२पासून केंद्रीय विद्यापीठ आहे, वाहतूक आणि लॉजिस्टिक्ससाठीच काढलेलं, आणि चोपड्याहून तेही काही फार परदेश नाही.

त्याऐवजी येत्या तीन महिन्यांत हे कर. आईच्या वहीतल्या मागच्या सहा महिन्यांच्या फेऱ्या एक्सेलमध्ये उतरव. भरल्याची तारीख, उतरल्याची तारीख, परत भरल्याची तारीख हे तीन रकाने आईला विचारून भर, तिला आठवेल. पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेलमध्ये गाडीनिहाय, महिनानिहाय बेरजा झटकन मांडणारा तक्ता, येत नसेल तर आधी ते शिक, यूट्यूबवर मराठीत पुष्कळ आहे. मग ट्रॅकार नावाचं मोफत सॉफ्टवेअर बघ. त्याचं ॲप टाकलं की ड्रायव्हरचा फोनच जीपीएस यंत्र होतो. पण ड्रायव्हरला विचारून टाक. चोरून टाकलंस तर तो फोन बंद ठेवायला शिकेल, आणि पुढे तुला खरं कधीच सांगणार नाही.

नंतर नोकरी शोध. जळगावात कारखान्यांचे डिस्पॅच विभाग आहेत. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रान्सपोर्ट ऑफिसं भरपूर. भिवंडी-चाकण पुढे आहेच. सुरुवातीचा पगार बेताचा असेल आणि पहिलं वर्षभर तू जास्त करून फोनच उचलशील.

पप्पांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गाडीबरोबर जाणं, रात्री मंडीत थांबणं, रस्त्यावरची भांडणं हे त्यांनी पाहिलंय, तू नाही. पण तू मागतेस ते काम टेबलवरचं आहे. रात्रपाळी येऊ शकते, हे मात्र त्यांना आधीच सांग. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची आहे. मुलाखतीत तू हे विचारलंस म्हणून कोणी नाराज झालं, तर ते ऑफिस सोडून दे.

आणि पप्पांशी वाद घालू नकोस. सहा महिन्यांची शीट तयार झाली की त्यांच्यासमोर ठेव आणि एकच रकाना दाखव : गाड्या किती दिवस उभ्या होत्या. बाकी काही बोलू नकोस, ते स्वतःच आकडे मिळवतील. ते होईपर्यंत एक काम आज संध्याकाळीच कर. तिन्ही गाड्यांचा विमा, फिटनेस, परमिट आणि पीयूसी कधी संपतं, ते आईला विचारून एका कागदावर लिही. मला वाटतं, एखादी तारीख उलटून गेलेली निघेल.