एम-3 ब्लड कॅन्सर: कुठल्या हॉस्पिटलचा आकडा धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चुलतभाऊ 29 वर्षांचा, परवापासून साताऱ्यात ॲडमिट आहे. रिपोर्टवर ‘एपीएल, एम-3 ची दाट शंका’ असं लिहिलंय (एपीएल म्हणजे ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एम-3 हे त्याचंच दुसरं नाव). पुण्यातल्या दोन आणि मुंबईतल्या एका हॉस्पिटलात तुम्ही ‘सक्सेस रेट’ विचारलात, तर कुणी 80 टक्के सांगितला, कुणी 95. या आकड्यांवरून कुठे हलवायचं ते ठरवावं का?

मी सांगलीचा. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, डॉक्टर नाही. पण 2018 च्या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार झाला होता. तेव्हा हेच आकडे मी रात्र-रात्र जागून चाळले होते.

आधी एक विचारतो. भावाला एट्राची कॅप्सूल सुरू झाली का? पूर्ण नाव ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड. झाली नसेल तर तुलना राहू द्या आणि आत्ता उठून डॉक्टरांशी बोला. एपीएलची शंका आली की जनुकीय तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता पहिला डोस द्यायचा, यावर जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत आहे. रिपोर्टात दुसरं काही निघालं तर कॅप्सूल थांबवता येते. वाट बघण्यात गेलेला दिवस मात्र परत मिळत नाही.

एवढी घाई का, ते सांगतो. या आजारात 15 आणि 17 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल होतात. त्यातून पीएमएल-रारा नावाचा जोड-जनुक तयार होतो आणि पांढऱ्या पेशी अर्धवट वाढीवरच अडकून पडतात. या अर्धवट पेशी रक्त गोठण्याची सगळी व्यवस्था बिघडवतात. त्यामुळे सुरुवातीला जे रुग्ण जातात, ते बहुतेक मेंदूत किंवा फुफ्फुसात रक्तस्राव होऊन जातात. पहिला महिना निभावला, तर मोठ्या माणसांच्या तीव्र ब्लड कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त बरा होणारा प्रकार आहे. 1988 साली शांघायच्या डॉक्टरांनी एट्रा दिलेल्या 24 रुग्णांचे निकाल छापले, सगळे रेमिशनमध्ये गेले होते, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला होता. पुढे हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिक ट्रायऑक्साइड वापरात आणलं. हा आपला सोमलच. आमच्या आजीला कळलं तेव्हा ती देवापुढे जाऊन बसली, “पोरीला सोमल देतायत” म्हणून. तोच सोमल नेमक्या मात्रेत, दोन-दोन तासांच्या सलाईनमधून बहिणीच्या अंगात गेला आणि त्यानेच ती बरी झाली.

आता आकड्यांकडे येतो. शाळेत अपूर्णांक शिकलो तेव्हा अंश वर आणि छेद खाली. हॉस्पिटलवाले टक्केवारी सांगतात, छेद सांगत नाहीत. छेदात कोण-कोण धरलंय, हे विचारल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही.

एक उदाहरण घ्या. 2013 मध्ये इटली आणि जर्मनीतल्या चाचणीचा निकाल आला. एट्रा आणि आर्सेनिक घेतलेल्यांपैकी 97 टक्के रुग्ण दोन वर्षांनी आजार न उलटता जिवंत होते. आकडा खरा आहे, पण त्या चाचणीत पांढऱ्या पेशी 10 हजारांच्या आत असलेलेच, म्हणजे कमी जोखमीचेच रुग्ण घेतले होते आणि चाचणीत नाव घालण्याइतपत ते स्थिर होते. आता स्वीडनकडे बघा. तिथे देशभराच्या नोंदणीत येणारा प्रत्येक रुग्ण मोजला जातो, चाचणीत असो वा नसो. 1997 ते 2006 या काळात तिथे एपीएलचे 105 रुग्ण सापडले आणि त्यातले 30 जण पहिल्या 30 दिवसांतच गेले. म्हणजे 29 टक्के. औषधं उपलब्ध होती, देश श्रीमंत, तरीही. दोन आकड्यांत खोटा कुठलाच नाही, छेद वेगळे आहेत.

हेच आपल्याकडे लावून बघा. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलेला रुग्ण हा आधीच तीन-चार दिवस तग धरून आलेला असतो. जो वाटेत गेला, तो त्यांच्या छेदात नसतो. तालुक्याच्या दवाखान्यात डेंग्यूचा रुग्ण समजला जाऊन वारलेला तर कुणाच्याच छेदात नसतो. आपल्याकडे बार्शीला 1987 पासून ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी चालते, गावोगाव फिरून केलेली. तशी मोजणी असेल तर घरीच वारलेला माणूसही आकड्यात येतो. एकट्या हॉस्पिटलच्या रजिस्टरात तो येत नाही.

माझी बहीण त्या न मोजलेल्यांत जाता-जाता राहिली. तासगावला सासरी होती. पावसाळ्याचे दिवस, अंगात ताप, प्लेटलेट्स 14 हजार, पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या आसपास. तिथल्या एका दवाखान्यात दोन दिवस डेंग्यूची ट्रीटमेंट चालली. त्या साथीत कुणालाही तसंच वाटलं असतं हे मला पटतं, पण ते दोन दिवस मला अजून टोचतात. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं आणि थांबेना. मांडीवर तळहाताएवढे काळे-निळे डाग उठले होते, ते तिने साडीखाली झाकून ठेवले होते. मिरजेला हलवलं. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि लेखी रिपोर्टच्या आधी वॉर्डात फोन करून सांगितलं, “एम-3 दिसतोय, कॅप्सूल मागवा.” सांगलीत त्या संध्याकाळी ती मिळेना. माझ्या मावसभावाने पुण्यात घेतली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली. पहाटे पावणेचारला मी पेठ नाक्यावर छत्री धरून उभा होतो, डबी शर्टाच्या आत घालून घेऊन आलो. सकाळी 4 कॅप्सूल आणि रात्री 3, असा तिचा डोस होता. मधल्या रात्रभर प्लेटलेट्स आणि क्रायो (रक्त गोठवणारे घटक असलेली रक्तपेढीतली पिशवी) चालू होतं. त्या रात्री ती वाचली ती रक्तपेढीमुळे, हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: या आजारात हॉस्पिटलांची तुलना करायचीच तर पहिल्या 72 तासांची करा. पाच वर्षांच्या टक्केवारीवरून नको.

तरीही टक्केवारी समोर ठेवलीच, तर दोन गोष्टी तपासा. पहिली, रुग्ण किती. 8 पैकी 8 बरे झाले म्हणजे 100 टक्के, ऐकायला छान. पण 8 जणांत एकही मृत्यू नाही, एवढ्यावरून खरा धोका 30 टक्क्यांहून जास्त नाही अशी खात्रीही जेमतेम देता येते. दुसरी गोष्ट, रुग्ण कसे होते. समजा (आकडे माझ्या मनाचे, फळ्यावरच्या उदाहरणासारखे) एका हॉस्पिटलात पांढऱ्या पेशी 10 हजारांच्या वर असलेले 30 जोखमीचे रुग्ण आले, 24 वाचले. सौम्य 10 आले, सगळे वाचले. एकूण 40 पैकी 34, म्हणजे 85 टक्के. दुसऱ्याकडे जोखमीचे 5 आले, 3 वाचले. सौम्य 35 आले, 33 वाचले. एकूण 36, म्हणजे 90 टक्के. पाटी बघून तुम्ही दुसरीकडे जाल, पण जोखमीचे असोत वा सौम्य, दोन्ही गटांत पहिलंच सरस आहे. वर्गात हे उदाहरण सोडवलं की मुलं दोनदा बेरीज करून बघतात.

मग विचारायचं काय? एट्रा आत्ता तुमच्या फार्मसीत आहे का, की मागवावी लागते? रात्री दोन वाजता प्लेटलेट्स, एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) आणि क्रायो मिळतं का? फायब्रिनोजेनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी इथेच होते का आणि रिपोर्ट किती तासांत हातात येतो? हे दिवसातून एक-दोनदा बघावं लागतं. प्लेटलेट्स 30 ते 50 हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन 100 ते 150 च्या वर राखायची त्यांची धडपड असते. रोज वजन करता का, हेही विचारा. विचित्र वाटेल, पण एट्रा किंवा आर्सेनिक सुरू झाल्यावर अचानक वजन वाढणं, धाप लागणं, ताप येणं ही डिफरन्शिएशन सिंड्रोमची, म्हणजे या औषधांच्याच एका जीवघेण्या दुष्परिणामाची, खूण असू शकते आणि त्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लगेच द्यावं लागतं. आणि शेवटचं: गेल्या तीन वर्षांत एम-3 चे किती रुग्ण दाराशी आले आणि तिसाव्या दिवशी किती जिवंत होते? कॅज्युअल्टीत गेलेले धरून. याचं उत्तर “थांबा, बघून सांगतो” म्हणून खरंच बघून सांगणारे डॉक्टर मला 95 टक्के तोंडपाठ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त विश्वासाचे वाटतात.

लहान गावात उपचार म्हणजे हलके, असंही मानू नका. ब्राझील, मेक्सिको, चिली आणि उरुग्वे इथल्या हॉस्पिटलांनी एकच उपचारपद्धत ठरवून, बाहेरच्या तज्ज्ञांशी नियमित ऑनलाइन बोलून सुरुवातीचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. 2013 मध्ये ते निकाल छापून आले. आपल्या वेल्लोरच्या सीएमसीने तर 1998 ते 2004 मध्ये 72 रुग्णांना फक्त आर्सेनिक देऊन 86 टक्क्यांना रेमिशनमध्ये आणलं, महागडी केमो परवडत नव्हती म्हणून. तुमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांनी पुण्या-मुंबईच्या रक्तविकारतज्ज्ञाला आजच फोन लावला, तर निम्मं मोठं हॉस्पिटल तिथेच येतं.

हलवायचं ठरलंच, तर कॅप्सूल सुरू करून आणि प्लेटलेट्स चढवून मगच, साध्या गाडीतून नको. पुणं 110 किलोमीटर आहे, पण खंबाटकीत गाडी अडकली तर वेळेचा भरवसा नाही. ॲम्ब्युलन्समध्ये सोबत डॉक्टर असू द्या आणि पुढच्या हॉस्पिटलात बेड व रक्तगटाचं रक्त तयार असल्याचं फोनवर पक्कं करून निघा. रेशन कार्ड आणि आधार पिशवीत टाका, महात्मा फुले योजनेच्या काउंटरवर पहिल्याच दिवशी लागतात.

बहीण आता तासगावलाच आहे. तिची पीएमएल-रारा तपासणी निगेटिव्ह आली, त्याला वर्षं झाली.

तुम्ही आता वॉर्डातल्या सिस्टरना फोन करा आणि पहिली कॅप्सूल किती वाजता दिली, ते विचारा. वेळ सांगता आली नाही तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोनवर बोलवायला सांगा. मी जागा आहे, इथे लिहा.