घड्याळांचे प्रश्न: फर्स्ट कॉपी, नवी डायल आणि रास्त भाव

या वेळचे बहुतेक प्रश्न पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या छंदी वाचकांकडून आले आहेत. स्वतः मागचं झाकण उघडून पाहणारे, सुटे भाग मागवून घड्याळ जोडणारे आणि मग ते मित्राला किती रुपयांना द्यावं या विचारात पडणारे हे वाचक आहेत. शेवटचा मुद्दा अनेकांनी विचारला, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : पाच हजारांना एक ‘फर्स्ट कॉपी’ (नामांकित कंपनीची नक्कल) डायव्हर घड्याळ घेतलं. दोन महिने नीट चाललं, आता रोज सात-आठ मिनिटं पुढे जातं. दुरुस्त करून घ्यावं का? (कोथरूड)

उत्तर : रोज काही सेकंद पुढे जाणं हा वेळ मिळवण्याचा, म्हणजे वेग जुळवण्याचा प्रश्न असतो. काही मिनिटं पुढे जाणं म्हणजे हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सवरच्या बारीक स्प्रिंगचे, वेटोळे एकमेकांना चिकटताहेत. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, बॅलन्स (मागेपुढे झोके घेणारं चाक) भराभर हलू लागतो आणि घड्याळ धावतं. याची नेहमीची कारणं तीन: चुंबकत्व, स्प्रिंगवर गेलेलं तेल, किंवा धक्क्याने एकात एक अडकलेले वेटोळे.

आधी चुंबकत्व तपासा, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. साधं होकायंत्र टेबलावर ठेवा आणि घड्याळ त्याच्या जवळून हळू फिरवा. सुई घड्याळामागे ओढली गेली तर शंका पक्की. चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतं. बटण दाबून धरा, घड्याळ यंत्रावर ठेवा, बटण तसंच दाबलेलं ठेवून घड्याळ सावकाश हातभर दूर न्या आणि मगच बटण सोडा. घड्याळ यंत्रावर असतानाच बटण सोडलं तर ते पुन्हा चुंबकित होतं. ‘यंत्र वापरून फरक पडला नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

तरी सुधारणा नसेल तर झाकण उघडून मशीन ओळखा. या भावाच्या कॉपीत बहुधा डीजी २८१३ निघतं. मियोटा ८२१५ या जपानी मशीनच्या रचनेवर बेतलेलं हे स्वस्त चिनी मशीन तासाला २१,६०० ठोके देतं. पूर्ण चावी देऊन, डायलची बाजू वर ठेवून टाइमग्राफरवर (ठोके ऐकून वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाहा. अँप्लिट्यूड (बॅलन्सच्या झोक्याचा कोन) २५० अंशांच्या पुढे आणि बीट एरर (टिक आणि टॉक यांच्यातला फरक) ०.८ मिलिसेकंदाच्या आत असेल तर मशीन निरोगी आहे. अँप्लिट्यूड २०० च्या खाली असेल तर तेल वाळलंय, घाण आहे किंवा एखादा पिव्हट (चाकाच्या दांड्याचं बारीक टोक) खराब आहे. अशा मशीनचं पूर्ण ऑइलिंग (सोडवून, साफ करून तेल देणं) करायला घड्याळजीचे दोन-तीन तास जातात, म्हणजे मजुरी नव्या मशीनच्या किमतीपलीकडे जाते. सरळ मशीन बदला.

बदलताना एक चूक सर्रास होते. सेको गटाचं एनएच३५ मशीन चांगलं म्हणून तेच आणलं जातं आणि बसत नाही. मियोटा ८२१५ चा व्यास २६ मिमी आहे, एनएच३५ चा २७.४ मिमी. आतली प्लॅस्टिकची कडी, डायलचे पाय, चावीच्या दांड्याची उंची आणि काट्यांची भोकं, सगळंच बदलतं. जुनं मशीन बाहेर काढून मोजा आणि त्याच जातीचं घ्या.

प्रश्न : एनएच३५ वर नवी डायल आणि काटे बसवले. घड्याळ मध्येच थांबतं, हलवलं की पुन्हा चालतं. मशीन खराब निघालं का? (चिंचवड)

उत्तर : मशीनवर शंका घेण्याआधी ते कधी थांबतं ते लिहून ठेवा, कारण बहुतेक वेळा दोष काट्यांचा असतो. १ वाजून ५, २ वाजून ११, ३ वाजून १६ अशा वेळांना थांबत असेल तर तास आणि मिनिट काटे एकमेकांवरून जाताना घासताहेत. दर तासाला त्याच मिनिटाला थांबत असेल तर मिनिट काट्याचं टोक एखाद्या उंच आकड्याला किंवा तारखेच्या खिडकीच्या चौकटीला लागतंय. मिनिटागणिक अडखळत असेल तर सेकंद काटा मिनिट काट्यावर टेकतोय. आणि फक्त रात्री दहा ते एकच्या दरम्यान थांबत असेल तर काटे निर्दोष आहेत. त्या वेळी तारखेची चकती फिरवण्याचा भार येतो आणि तेवढी ताकद मशीनमध्ये उरलेली नसते. पूर्ण चावी देऊन पुन्हा पाहा.

एनएच३५ च्या काट्यांच्या भोकांची मापं तास १.५०, मिनिट ०.९० आणि सेकंद ०.२० मिमी. ईटीए २८२४ या स्विस मशीनसाठी बनवलेल्या संचात पहिले दोन तेच असतात, पण सेकंद काटा ०.२५ चा येतो. तो टेकवला की बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या धक्क्याला काचेखाली सुटा फिरतो. त्याला गोंद कधीही लावू नका. गोंद दांड्यावरून नळीत उतरतो आणि चाकांची संपूर्ण गाडी अडवतो. योग्य मापाचा काटा घ्या.

बसवण्याचा क्रम असा. चावी ओढून काटे पुढे फिरवण्याच्या जागी आणा आणि तारीख पूर्ण उडी मारेपर्यंत फिरवा. तिथेच थांबून तास काटा अगदी १२ वर दाबा, मग मिनिट काटाही १२ वर. चोवीस तास फिरवून तारीख बाराच्या आसपास बदलते का आणि दर तासाला तास काटा आकड्यावर बरोबर येतो का ते बघा. मगच सेकंद काटा. प्रत्येक काटा बाजूने भिंगातून पाहा: तिन्ही एकमेकांना समांतर हवेत आणि त्यांच्यात कागदाएवढी तरी फट दिसली पाहिजे. काटे काढताना डायलवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवल्याशिवाय तरफा लावू नका. ओरखडा एकदा पडला की जात नाही.

डायल घेताना व्यास २८.५ मिमी असला म्हणजे काम झालं असं नाही. चावी ३ वर आहे की ४ वर, त्यानुसार पायांची जागा बदलते. अनेक डायलींना चार पाय देतात, त्यातले नको असलेले दोन कापायचे असतात. कापण्याआधी डायल मशीनवर टेकवून खात्री करा. चुकीची जोडी कापली गेली तर चिकटपट्टीचे ठिपके लावून वेळ भागते, पण हादऱ्यांत डायल सरकण्याचा धोका राहतो. तारखेची खिडकी नसलेली डायल असेल तर एनएच३८ घ्या. त्यात तारीखच नाही, त्यामुळे तारीख बदलायची चावीची रिकामी खाचही नाही.

वेळ मिळवताना बॅलन्सवर दोन कांड्या दिसतील. एक वेग बदलते, दुसरी हेअरस्प्रिंगचं टोक धरते आणि बीट एरर बदलते. नवखे लोक दुसरी हलवतात आणि घड्याळ लंगडं होतं. टाइमग्राफरवर लिफ्ट अँगल (अँप्लिट्यूड मोजण्यासाठी यंत्राला द्यायचा मशीनचा कोन) ५३ ठेवा. कंपनी या मशीनसाठी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढी मुभा सांगते. घरी शांतपणे केलं तर दहाच्या आत आणता येतं.

प्रश्न : जुन्या बाजारात लाल डायलचं एचएमटी पायलट चार हजारांना सांगितलं. दुर्मिळ आहे म्हणाले. घ्यावं का? (शनिवार पेठ)

उत्तर : दुर्मिळ म्हणून घेऊ नका. पायलटची ओळख काळी डायल आणि पांढरे आकडे ही आहे. लाल, पिवळ्या, आकाशी डायली नंतर रंगवलेल्या असतात. एचएमटीच्या घड्याळ कंपनीला २०१६ साली कुलूप लागलं आणि मागणी वाढली तसं हे काम वाढलं. भिंगातून पाहा: मूळ छपाईत अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, मिनिटांच्या रेघा सारख्या अंतराच्या आणि बाहेरच्या वर्तुळाला बरोबर भिडणाऱ्या. रंगवलेल्या डायलवर रेघा जाड-बारीक होतात, ‘पॅराशॉक’ (डायलवर छापलेलं धक्कारोधक रचनेचं नाव) ची अक्षरं वाकडी येतात आणि काट्यांच्या मधल्या भोकापाशी रंगाचा थर फुगलेला दिसतो.

तरीही घड्याळ टाकाऊ नाही. आतलं ०२३१ हे १७ ज्वेलचं (पिव्हट ज्यात फिरतात ते दगड), तासाला १८,००० ठोक्यांचं चावीचं मशीन अतिशय टिकाऊ आहे. सिटिझनच्या मदतीने सुरू झालेल्या एचएमटीने ते वर्षानुवर्षं वापरलं, एचएमटी जनता या घड्याळातही तेच आहे, त्यामुळे सुटे भाग मोडीच्या घड्याळांतून मिळतात. विक्रेत्याला झाकण उघडायला सांगा. मशीनवर ०२३१ कोरलेलं आहे का, स्क्रूंच्या खाचा फाटल्या आहेत का, गंजाचे तपकिरी डाग आहेत का, हे पाहा. मग घड्याळ कानाशी डायल वर आणि डायल खाली असं धरा. एका बाजूला ठोके मंदावले किंवा बंद पडले तर बॅलन्सचा पिव्हट गेला आहे, आणि ते काम खर्चिक आहे. हे सगळं नीट असेल तर चालतं ०२३१, ठाकठीक केस आणि काच एवढ्याचेच पैसे द्या. रंगाचे वेगळे पैसे नाहीत. रंगवलेलं आहे हे विक्रेत्याने आपणहून सांगितलं तर तो माणूस धरून ठेवा.

प्रश्न : मी घड्याळं जोडतो, काही मित्र विकत मागतात. एकाला मोठ्या स्विस कंपनीचं नाव असलेली डायल हवी आहे. भाव कसा लावू? (औंध)

उत्तर : ती डायल लावून विकू नका. ट्रेड मार्क्स अधिनियम १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ खाली खोटं चिन्ह लावणं आणि असा माल विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. ‘कॉपी आहे असं सांगूनच दिली’ म्हटल्याने सुटका होत नाही. आणि मित्राला ठाऊक असलं तरी त्याच्याकडून पुढे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. फसवणूक तिसऱ्या हातात होते, सुरुवात मात्र तुमच्या टेबलावर झालेली असते. त्याच आकाराच्या, नाव नसलेल्या डायली सहज मिळतात. त्या लावा.

आता भाव. भागांच्या पावत्या समोर ठेवा. समजा एनएच३५ ३,५००, सफायर काचेसकट केस ४,०००, डायल १,२००, काटे ६००, पट्टा ७००. झाले १०,०००. जोडताना एखादा काटा वाकतो, डायलवर डाग पडतो. त्यासाठी दहा टक्के, म्हणजे १,००० धरा. ही नुकसानभरपाई नाही धरली तर चौथ्या-पाचव्या घड्याळाला खिशातून पैसे जातात. मजुरी तासावर लावा. धूळ झटकणं, काटे, केसमध्ये बसवणं, दोन दिवस वेळ तपासणं मिळून हाताचे चार तास होतात. तासाला ५०० धरले तर २,०००. एकूण १३,०००, आणि यात सहा महिने वेळ मिळवून देण्याची हमी असलीच पाहिजे. हमी देणार नसाल तर मजुरी कमी घ्या.

वापरलेलं घड्याळ घेताना उलट मोजा. मशीनचा टाइमग्राफरचा फोटो नसेल तर मशीन सर्व्हिसिंगला आलेलं समजून तो खर्च वजा करा. केसवर खोल ओरखडे असतील तर केस अर्ध्या भावात धरा. फर्स्ट कॉपीलाही हाच हिशेब लागतो: आतलं मशीन, काच, केस आणि पट्टा यांची बेरीज करा. डायलवरच्या नावाचे शून्य रुपये. ‘सेव्हन ए क्वालिटी’ हा उत्तम कॉपी म्हणून खपवण्यासाठी वापरलेला विक्रेत्याचा शब्द आहे, तो कुठल्याच भागाचं माप सांगत नाही.

विकताना एक चिठ्ठी जोडा: मशीनचा नंबर, कोणता भाग कुठला, कोणता बदललेला, टाइमग्राफरचे आकडे आणि तारीख. ही चिठ्ठी घड्याळासोबत फिरत राहिली तर पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला रास्त भाव ठरवता येतो.

प्रश्न : जोडलेल्या घड्याळाच्या झाकणावर २०० मीटर लिहिलंय. पावसाळ्यात सिंहगडावर चालेल का? (धायरी)

उत्तर : तो आकडा केस बनवणाऱ्याने कोरला आहे, तुम्ही जोडलेल्या घड्याळाची चाचणी करून नाही. झाकणाच्या आणि चावीच्या रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, स्क्रूची चावी पूर्ण आवळा आणि दाबाची चाचणी करून घ्या. चाचणी नसेल तर पावसात घालू नका. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी झाकण उघडून मशीन बाहेर काढा. तांदळात ठेवल्याने आतलं पाणी जात नाही, गंज मात्र चढत राहतो.

प्रश्न : आजोबांचं वेस्ट एंड या जुन्या स्विस कंपनीचं घड्याळ आहे. आकड्यांवरचा पिवळट लेप उडालाय. खरवडून नवा लावू का? (सदाशिव पेठ)

उत्तर : खरवडू नका. त्या काळच्या अनेक घड्याळांत चमकणाऱ्या लेपात खरं रेडियम असायचं. चमक जाते ती झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे, त्यामुळे किरणोत्सर्ग तसाच असतो. काचेआडून घड्याळ ठेवण्यात फारसा धोका नाही, पण भुकटी श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली तर आहे. झाकण किंवा काच घरी उघडू नका, लेप सुटला असेल तर घड्याळ बंद पिशवीत ठेवा. ऑइलिंगला देताना घड्याळजीला लेपाबद्दल आधी सांगा आणि डायलला हात न लावता फक्त मशीनचं काम करायला सांगा.

प्रश्न : शिकायला सुरुवात करायची आहे. आधी काय घेऊ? (हडपसर)

उत्तर : ०.८ ते १.६ मिमीचे चार चांगले स्क्रूड्रायव्हर, दोन चिमटे, दहापट भिंग, काटे काढायच्या तरफा, झाकण उघडायची किल्ली, हवेचा रबरी फुगा आणि रोडिको (घाण टिपणारी चिकणमातीसारखी पुट्टी). बोहरी आळीत यातलं बरंच मिळतं, पण स्क्रूड्रायव्हरची पाती मऊ निघाली तर स्क्रूच्या खाचा फाटतात, तिथे पैसे वाचवू नका. तेल लगेच घेऊ नका. आधी बंद पडलेली दोन एचएमटी मोडीतून घ्या, एक पूर्ण सोडवा आणि जोडा. ज्या जुन्या मशीनमध्ये चावीचा दांडा स्क्रूने धरलेला असतो, तिथे तो स्क्रू अर्धा फेराच सैल करा. पूर्ण काढलात तर आतली तरफ डायलखाली पडते आणि डायल उतरवावी लागते. जोडलेलं मशीन तेलाशिवायही ठोके देऊ लागलं की मगच मोबियस ९०१० हे तेल आणि पॅलेटसाठी (ठोके देणाऱ्या काट्याच्या दगडांसाठी) ९४१५ आणा. तेल दगडाच्या कपात अर्ध्याहून कमी दिसलं पाहिजे. जास्त झालं तर ते पसरून जातं आणि पिव्हट कोरडा पडतो.