नव्वदच्या दशकातल्या टॉवरमध्ये वॉटर कूलिंग, तेही विदर्भाच्या मे महिन्यात?

भाऊ, तुमचे प्रश्न तीन: टर्बो बटणवाल्या जुन्या एटी टॉवरमध्ये (एटी म्हणजे त्या काळातल्या पीसीच्या डब्याचा नमुना) नवा वॉटर कूलिंगचा, म्हणजे पंपानं फिरवलेल्या पाण्यानं प्रोसेसर थंड करणारा पीसी बसेल का, ३६० चा रेडिएटर (पंख्यांनी पाणी थंड करणारी जाळी; ३६० म्हणजे १२० मिमीचे तीन पंखे, २४० म्हणजे दोन) मावेल का, आणि "आपल्याकडं पाणीच तापते, मग फायदा काय" हे तुमच्या दुकानदाराचं म्हणणं खरं का. पीसी बसतो. ३६० विसरा, २४० घ्या. दुकानदाराचं मात्र साफ चूक आहे, आणि हे उत्तर मुख्यतः त्याच्यासाठीच आहे.

रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही, कबूल. पण साधा हीटसिंक (प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा आणि त्याचा पंखा) तरी कुठं होतो? तो डब्याच्या आतली हवा खातो. जुन्या टॉवरला समोर चार चिरा आणि मागं फार तर ८० मिमीचा एक पंखा. खोलीत ४२ अंश असले की आत सहज ५० होतात. रेडिएटर डब्याच्या छताला लावून बाहेरची हवा थेट घेता येते. म्हणजे ऊन जास्त आणि डबा कोंदट असेल, तिथंच पाण्याची खरी गरज.

माझ्या हातचं एक मशीन वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला आहे. पहिल्या मे महिन्यात त्याची नळी सुटली. रेडिएटरचे पंखे आतली हवा बाहेर फेकत होते, म्हणजे रेडिएटरला मिळत होती ती डब्यातली तापलेली हवा. दोन तास रेंडर चाललं आणि पाणी ६१ अंशांवर गेलं. नळी पीईटीजीची, आणि हे प्लास्टिक साठच्या आसपास मऊ पडू लागतं. प्रोसेसर ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसतो आणि ज्यातून पाणी फिरतं तो ठोकळा) वाकावर ती फिटिंगमधून सरकली आणि थेंब थेट मदरबोर्डावर. गावात सगळे म्हणाले, "पाणी आपल्याकडं चालतच नाही." दोष पाण्याचा नव्हता, पंख्यांच्या दिशेचा आणि नळीचा होता. पंखे उलटवले, नळी ईपीडीएम रबराची टाकली. तीच खोली, तेच ४२ अंश, तेच रेंडर, आणि पाणी ५३ वर थांबलं. पाणी फिरवणाऱ्या डी५ पंपाला ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं, म्हणजे हाताशी सात अंश उरतात.

आता पत्र्याचं काम. अशा टॉवरमध्ये पॉवर सप्लाय वर मागच्या बाजूला असतो आणि छत अडवतो. एसएफएक्स या छोट्या मापाचा सप्लाय घ्या (१२५ × ६३.५ × १०० मिमी) आणि तो खाली, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याच्या जागी बसवा. पिंजऱ्याचे रिव्हेट ३.२ मिमीच्या ड्रिलनं उडवायचे. मागं पॉवर सप्लायचं जे भोक रिकामं राहतं, तिथं ८० चा पंखा बाहेर फेकणारा लावा. छतातून आलेली गरम हवा तिथून निघते. तो नसेल तर बोर्ड भाजतो. बोर्ड मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा, १७० × १७० मिमी. मागच्या पत्र्यावर फक्त कीबोर्डचं गोल भोक असेल, म्हणून १५८.७५ × ४४.४५ मिमीची आयओ शील्डची (यूएसबी वगैरे जोडायच्या जागांभोवतीच्या पट्टीची) खिडकी कापावी लागेल. हे काम खोलीचे कूलर बनवणाऱ्याकडं द्या. त्याच्याकडं पत्राकात्री असते, हातही बसलेला असतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग जळतो आणि लोखंडी कीस सांदीत अडकतो. कापताना डबा पूर्ण रिकामा हवा.

झाकण उलट्या 'यू'सारखं, छत आणि दोन्ही बाजू एकाच पत्र्याच्या, असं असेल तर रेडिएटर झाकणाला कसू नका. एकदा कसला की नळ्या सोडवल्याशिवाय झाकण उघडत नाही. आत चौकटीवर २५ मिमीच्या अॅल्युमिनियम अँगलचा पूल करा आणि रेडिएटर त्याला लटकवा. झाकणात फक्त भोकं. रेडिएटरच्या १२० च्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिमी असतं. पंखा २५ मिमी जाड, स्क्रू ३० चा. ३५ चा घातला तर तो रेडिएटरच्या नळीत घुसतो, आणि मग रेडिएटर गेलाच समजा.

समोरचं पॉवर बटण सर्वात धोक्याचं. एटीमध्ये त्या जाड चार तारांतून २३० व्होल्ट खेळतात. त्या तारा बोर्डाला कधीच जोडायच्या नाहीत, काढून टाका. ते बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. आजच्या एटीएक्स पद्धतीच्या बोर्डाला (मिनी-आयटीएक्सही त्यातलाच) तसं जोडलं तर मशीन सुरू होऊन चारेक सेकंदांत बंद पडतं. त्यापेक्षा टर्बोशेजारचं रिसेट बटण पॉवरला वापरा, ते दाबून सुटणारंच असतं.

पाणी डिस्टिल्ड, सोबत बायोसाइड (शेवाळ रोखणारं औषध). बोअरचं नाही, आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात क्षार उरतातच. बॅटरीचं पाणी सुटं मिळतं ते टीडीएस मीटरनं (पाण्यातले क्षार मोजणारा) तपासून घ्या, आकडा जवळपास शून्य हवा. ब्लॉक आणि रेडिएटर दोन्ही तांब्याचे घ्या. अॅल्युमिनियमचा स्वस्त रेडिएटर मिसळला की गंज लागलाच. बर्फ टाकण्याची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका, नळीला बाहेरून दव सुटतं. खोलीतला कूलर चालू द्या, पण त्याचा झोत मशीनवर नको. त्या तुषारांचे क्षार रेडिएटरच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पात्यांवर बसतात.

पहिल्यांदा फक्त पंप चालवा: पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरची हिरवी तार काळीला जोडून, बोर्डाला वीज न देता, २४ तास, प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवून. लाइटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर.

छतावर बारीक नायलॉनची जाळी पाहिजेच. जिनिंग जवळ असेल तर कापसाचे तंतू आठवड्यात तिच्यावर गादी करतात, आणि सोयाबीनच्या मळणीत तर दर दोन दिवसांनी झटकावी लागते.

हो, एक सांगायचं राहिलं: ही सगळी गणितं सव्वाशे वॅटच्या प्रोसेसरची आहेत. तीनशे वॅटचं ग्राफिक्स कार्ड याच पाण्यावर टाकायचं असेल तर एका २४० वर भागणार नाही, आणि त्या टॉवरमध्ये दुसऱ्याला जागा नाही. दुकानदाराला ६१ आणि ५३ हे दोन आकडे दाखवा, खोली तीच होती हेही सांगा.