पानं पिवळी, शिरा हिरव्या: अंड्याची टरफलं आधी थांबवा

तुम्ही लिहिलंय, जुळे सोलापूरला दुसऱ्या मजल्यावर गच्ची आहे, जास्वंद आणि कढीपत्त्याची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी बोअरचं रोज देता, शेणखत वेळेवर, दर पंधरा दिवसांनी अंड्याच्या टरफलांची पूड आणि अधूनमधून चुलीची राख. शेवटी विचारलंय, माती तपासून घेऊ का? वाचताना वाटलं, हा प्रश्न मीच दहा वर्षांपूर्वी लिहून विसरले की काय. फरक एवढाच की माझ्याकडे जास्वंदाच्या जागी गुलाब होता.

कुंडीचं भोक, ऊन, खताचं प्रमाण यात शिरत नाही, ते तुम्हाला येतंच असं दिसतं. मी शेतकी शिकलेली नाही, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. जे सांगते ते माझ्या गच्चीवरचं, तुमच्याकडे उन्नीस-बीस होईल हे धरून चाला.

माझं माहेर बार्शीचं. तिथल्या अंगणात गावठी गुलाब होता, फिकट गुलाबी, दोन दिवसांत गळणारा, पण वास असा की परकराच्या ओच्यात चार फुलं घेतली की घरभर कळायचं. वाडा विकायचा ठरला तेव्हा मी त्याच्या फांद्या आणून लावल्या. चार जगल्या. तीन गच्चीवर नेल्या, एक सासूबाईंनी खाली तुळशीशेजारी ठेवून घेतली, देवाला फूल हवं म्हणून. माती चारही कुंड्यांत एकच, एकाच पोत्यातला पोयटा आणि शेणखत.

दीड वर्षात वरचे तिन्ही गुलाब तुमच्या जास्वंदासारखे दिसायला लागले. कोवळं पान निघायचं तेच लिंबाच्या सालीच्या रंगाचं, वर शिरांची हिरवी जाळी, मग कडा करपायच्या. ज्याला विचारावं तो म्हणे कॅल्शियम कमी आहे, टरफलं घाला. मी घातली. शेजारच्या तीन घरांतून गोळा करून, वाळवून, मिक्सरमध्ये दळून घातली. पानं आणखी पिवळी. मग राख. मग एकाने सांगितलं चुन्याची निवळी द्या, तीही दिली. आज लिहितानासुद्धा हात थरथरतो.

अंड्याचं टरफल म्हणजे जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. कोकणातल्या, केरळातल्या आंबट मातीत तो कामाला येतो, तिथलेच लोक व्हिडिओ करतात आणि आपण सोलापुरात बसून बघतो. आपल्या काळ्या मातीत आधीच चुनखडीचे पांढरे खडे असतात. ती अल्कधर्मी, पीएच (आंबटपणाचं माप, सात म्हणजे मधलं, त्यावर अल्कधर्मी) आठच्या वर. अशा मातीत लोह भरपूर असलं तरी मुळांना घेता येत नाही, ते बांधलेलं राहतं. झाडाच्या आत लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे सरकत नाही, म्हणून पिवळेपणा नव्या पानावर दिसतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक नत्र (नायट्रोजन) कमी असतं. तुमच्या वर्णनात नवी पानं आहेत, म्हणून एवढं ठासून लिहितेय.

आता माती तपासणाऱ्या कचेरीची गोष्ट. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मी डब्यात माती भरून तपासायला गेले. फॉर्मवर गट नंबर, क्षेत्र हेक्टरमध्ये, पीक कोणतं. मी म्हटलं गच्ची आहे, तीन कुंड्या आहेत. खिडकीतले साहेब म्हणाले, ‘मॅडम, गच्ची हे पीक नाही.’ शेवटी माझ्या दिरांच्या शेताचा गट नंबर टाकून घेतला. दोन चकरा जेवणाच्या सुट्टीत फुकट गेल्या, तिसऱ्या चकरेला मशीन बंद. अडीच महिन्यांनी कागद मिळाला. त्यावर पीएच ८.६ आणि शिफारस काय, तर हेक्टरी अमुक किलो युरिया! पीएच बघून मला वाटलं, दहापैकी साडेआठ, बरेच मार्क पडले. हसू नका, तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. कागदावर लोह ‘कमी’ लिहिलं होतं म्हणून मी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणून मातीत मिसळलं. चार दिवसांत मातीवर गंजासारखा तांबडा थर आला, पानं होती तशीच. चुनखडीच्या मातीत हिराकस पडलं की पडल्यापडल्या बांधलं जातं, हे मला फार उशिरा कळलं.

पण सगळ्यात मोठी चूक कचेरीची नव्हती, माझीच होती. त्यांनी पाण्याबद्दल विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शेतासाठीच्या त्या कागदासाठी, म्हणजे मृद आरोग्य पत्रिकेसाठी, माती बारा घटकांसाठी तपासतात, त्यात मोकळा चुना किती हे येत नाही, आणि तुम्ही झाडाला कोणतं पाणी घालता हे तर मुळीच येत नाही. अडीच महिने मी कागदाची वाट बघत बसले आणि त्या अडीच महिन्यांत रोज दोन बादल्या बोअरचं पाणी ओतत राहिले. एप्रिल-मे होता, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. साधा हिशोब करा. एका कुंडीला दिवसाला दोन लिटर पाणी आणि पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेला चुना, लिटरला ३०० मिलिग्रॅम धरला, तर वर्षाला दोनशे ग्रॅमच्या वर चुना कुंडीत उतरतो. खालून वाहून जाईल तेवढा जातो, पण आपल्या उन्हात पाणी उडतं आणि चुना तिथेच राहतो. टरफलांचा चुना वेगळाच.

हे मला उलगडलं ते कोणत्या तज्ज्ञाकडून नाही. जूनमध्ये वरचा तिसरा गुलाबही वाळला, काठी उपटून खाली आणली, आणि तुळशीशेजारचा चौथा समोर दिसला. गर्द हिरवा, सात कळ्या. मी सासूबाईंना विचारलं, याला काय घालता? त्या म्हणाल्या, ‘काय घालायचंय? सकाळी तुळशीला तांब्याभर नळाचं पाणी घालते, उरलेलं याला. बोअरचं पाणी तुळशीला घालू नये, खारं असतं.’ आणि टरफलं? तुळशीपाशी अंडं आणायची माझी काय बिशाद होती! पहिल्याच दिवशी त्यांनी डबा हातातून काढून बाजूला ठेवला होता. त्यांच्या सोवळ्याने माहेरचा गुलाब वाचवला. आता त्या नाहीत. माझ्याकडचे सगळे गुलाब त्याच एका झाडाचे आहेत.

तेव्हा माती नंतर, आधी पाणी. घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा. एक, कुंडीतली वाळलेली माती चमचाभर घ्या, तिच्यावर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. चुरचुर ऐकू आली किंवा फेस दिसला तर चुना आहे. दुसरी, साधा बिनरंगाचा भाजलेला माठ बोअरच्या पाण्याने भरून आठवडाभर सावलीत ठेवा. बाहेरून पांढरी खरपुडी धरली, बोटाने खरवडली तर पीठ निघालं, तर तेच पीठ झाडाच्या मुळाशी साठतंय.

यावर मी आज काय करते? टरफलं, राख, निवळी बंद. मुख्य भर नळाच्या पाण्यावर. उजनीहून शंभरावर किलोमीटर लांबून येणारं पाणी आपल्याला काही दिवसांआड मिळतं आणि तेही मोजकं, म्हणून मी नळाचं आणि बोअरचं निम्मं-निम्मं करते. उन्हाळ्यात बोअरवरच भागवावं लागतं, तेव्हा दहा लिटरच्या बादलीला दोन ग्रॅम सायट्रिक, म्हणजे सपाट अर्धा चहाचा चमचा. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. हे प्रमाण माझ्या बोअरचं आहे. तुम्ही पीएचची पट्टी आणून साडेसहाच्या आसपास येईल इतकंच घाला, जास्त घालून मला शिव्या देऊ नका.

पावसाचं पाणी मात्र सोन्यासारखं. आपल्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, तरी शंभर चौरस फुटांच्या पत्र्यावर तेवढ्यात पाच हजार लिटर पडतं. निम्मं वाया गेलं तरी अडीच हजार. पहिल्या पावसाचं धूळमिश्रित पाणी सोडून द्या, पुढचं ड्रममध्ये धरा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर डासांची शाळा भरते. एसीचं ठिबकणारं पाणीही चांगलं, जवळपास क्षारच नसतात. आरओचं फेकायचं पाणी अजिबात नको, त्यात क्षार दाटून येतात. पुष्कळ जण ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून तेच झाडांना घालतात आणि मग मला विचारतात पानं का करपली.

लोहासाठी डाळिंब-द्राक्षवाल्यांकडे चौकशी करा. जिल्हाभर डाळिंब आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे, त्यामुळे चुनखडीच्या मातीत लोह कसं द्यायचं हे बागाईतदारांना पाठ असतं. कृषी दुकानात चिलेटेड लोह (मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं) मागितलं की बहुधा ईडीटीए नावाच्या रसायनाचं देतात. ते आपल्या पीएचला टिकत नाही. ईडीडीएचएचं मागा, विटकरी-काळी पूड असते, पाण्यात लालभडक होते. महाग आहे, पण बारा इंची कुंडीला एक ग्रॅम लिटरभर पाण्यात पुरतं. पाकिटावरचं प्रमाण आधी वाचा. संध्याकाळी द्या, उन्हात ते बिघडतं. आधीची पिवळी पानं हिरवी झाली नाहीत तर घाबरू नका, नव्या फुटीकडे लक्ष ठेवा.

विषय निघालाच आहे तर माठाचं सांगते, कारण तो माझा आवडता उद्योग. मोठ्या ड्रमात मधोमध साधा बिनरंगाचा भाजलेला माठ गळ्यापर्यंत पुरायचा, भोवती मिरची, वांगी, पालक. माठ भरून वर बशी झाकायची. पाणी झिरपत राहतं, उन्हाळ्यात तीन दिवस निर्धास्त गावाला जाता येतं. मात्र जड पाण्याने वर्षाच्या आत माठाची छिद्रं बुजतात, मग काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवावा लागतो. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांत काठाच्या पट्ट्या, कात्रण स्वस्तात मिळतं, त्याची वात करून रंगाच्या रिकाम्या बादलीत खाली पाणी आणि वर कुंडी असंही केलं. सुती वात सहा महिन्यांत कुजते, मिश्र धाग्याची टिकते. पश्चिमेच्या भिंतीला मी जुन्या साड्या बांधते. हिरवी जाळी असलीच तर पन्नास टक्क्यांची घ्या. त्याहून दाट घेतली तर फुलं रुसतात. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मागून आणा आणि कुंडीत आच्छादन करा, दुपारी माती तव्यासारखी तापत नाही. आमच्या शेजारचे काका पहिल्यांदा बघून म्हणाले, ‘काय बे, कुंडीत कचरा टाकलाय?’ आता दर रविवारी तेच पिशवी घेऊन रसवंतीवर उभे असतात.

ड्रमवरून आठवलं, अर्धा ड्रम म्हणजे शंभर लिटर, ओल्या मातीचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. ड्रम बीमवर किंवा भिंतीलगत ठेवा, गच्चीच्या मधोमध नको. जुनी इमारत असेल तर आधी कोणा जाणत्याला दाखवून घ्या, मी इंजिनीअर नाही.

माती तपासायचीच असेल तर तपासा, मी अडवत नाही. पण सोबत पाण्याची बाटलीही घेऊन जा आणि पीएच, ईसी (एकूण क्षारांचं माप), बायकार्बोनेट, सोडियम असं कागदावर लिहून मागा.

आणि एक गोष्ट लगेच कळवा: तुमच्या इमारतीत बोअरला सॉफ्टनर बसवलाय का? हल्ली पुष्कळ इमारतींत असतो. मिठाची पोती घालून चालणारा असेल, तर तो पाण्यातला चुना काढून त्याजागी सोडियम सोडतो. आंघोळीला छान, झाडांना बोअरपेक्षा वाईट. तसं असेल तर सॉफ्टनरच्या आधीच्या नळाला पाइप लावून पाणी घ्या, आणि मी वर दिलेलं सायट्रिकचं प्रमाण तुम्ही पट्टीने मोजून ठरवा. तुमचं उत्तर येईपर्यंत हिराकस आणू नका.