‘अपेक्षित शोक’ नको

प्रश्न: दुर्धर आजारी माणसांच्या नातेवाइकांसाठी एक पत्रक मराठीत करते आहे. ‘अँटिसिपेटरी ग्रीफ’ला, म्हणजे माणूस जाण्याआधीच होणाऱ्या शोकाला, ‘अपेक्षित शोक’ चालेल का?

नाही. ‘मृतांचा आकडा वाढणे अपेक्षित आहे’ हे बातम्यांत ऐकून कान किटले आहेत, तेच पत्रकात नको. मराठीत अपेक्षेला इच्छा चिकटलेली आहे. आपण अपेक्षा ठेवतो, ती फळली नाही की अपेक्षाभंग होतो. उद्या रुग्ण खडखडीत बरा होऊन घरी आला तर घरच्यांचा अपेक्षाभंग झाला म्हणायचं का? संस्कृतात हा शब्द तटस्थ होता, हा बचाव इथे लागू नाही; पत्रक मराठी माणसं वाचणार आहेत. वाईटाची शंका येते, धास्ती वाटते. अपेक्षा नसते.

आता मुद्द्याचं. वियोगाआधीच्या दुःखाला आपल्याकडे नावच नव्हतं, असं सर्रास लिहिलं जातं. साफ चूक. संस्कृत काव्यशास्त्रात जिचा नवरा परदेशी गेलेला आहे ती प्रोषितपतिका आणि जिचा नवरा निघायच्या बेतात आहे ती प्रवत्स्यत्पतिका. दोन्ही एकाच धातूची लेकरं: प्र + वस्, म्हणजे घरापासून दूर राहणं. आपला ‘प्रवास’ तिथलाच. भूतकाळी रूप प्रोषित. ‘व’चा ‘उ’ झाला, जसा उपवासाच्या घरात उपोषण जन्मताना होतो. भविष्यकाळी रूप प्रवत्स्यत्. ‘वस्’पुढे भविष्यकाळाचा ‘स्य’ प्रत्यय आला की आधीच्या ‘स्’चा ‘त्’ होतो, त्यासाठी पाणिनीचं सूत्रच आहे: ‘सः स्यार्धधातुके’. काय सुंदर शब्द आहे बघा! नवरा अजून घरात आहे, निघालेलासुद्धा नाही, आणि बायकोची ओळख त्याच्या न घडलेल्या जाण्यावरून ठरली आहे. दुःख भविष्यकाळात गेलं ते थेट व्याकरणाच्या प्रत्ययातून.

नाट्यशास्त्रकार भरताने प्रेमातल्या अवस्थेवरून नायिकांचे आठ प्रकार सांगितले, त्यांत ही नाही. नववी म्हणून तिची बाजू ‘रसमंजरी’कार भानुदत्ताने मांडली. ती प्रोषितपतिकेतच धरावी, वेगळी कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. ‘दशरूपक’ हा नाट्यावरचा संस्कृत ग्रंथ लिहिणाऱ्या धनंजयाचंही मला पटत नाही. प्रवासाने होणाऱ्या विरहाचे तो भावी, भवन् (आत्ता होत असलेला) आणि भूत असे तीन प्रकार करतो, म्हणजे पुढे होणारा विरह त्याला मान्य आहे. पण नायिका मोजताना मात्र आठांवर थांबतो. विरह भावी असू शकतो तर तो सोसणारी बाई का नको? गेलेल्याची वाट बघता येते, दिवस मोजता येतात. जाणाऱ्याची वाट बघता येत नाही, त्याच्यासमोर मोकळेपणी रडताही येत नाही. ही अवस्था वेगळीच आहे.

योगायोग असा की तुम्ही विचारलेली इंग्रजी संज्ञाही अशाच एका बायकोपाशी पोचते. एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबातल्या १९४२च्या आगीनंतर, जिच्यात ४९२ माणसं गेली, मागे राहिलेल्यांचा अभ्यास केला. १९४४च्या लेखाच्या शेवटी तो एका सैनिकाची हकिगत देतो. हा सैनिक आघाडीवरून सुखरूप परतला, तर बायकोचं प्रेम आटलेलं आणि तिला घटस्फोट हवा. तो मरणार या धास्तीने तिने त्याचा शोक आधीच पुरा करून टाकला होता. मला यात प्रवत्स्यत्पतिकेचीच पुढची गोष्ट दिसते. आपल्या काव्यशास्त्राने ती तिथवर नेली नाही, कारण विप्रलंभात, म्हणजे विरहाच्या शृंगारात, पुन्हा भेटीची आशा धरलेली असते. ती तुटली की करुण रस.

म्हणूनच तुमच्या पत्रकात ‘भावी विरह’ही बसणार नाही, तिथे माणूस परतायचा नाही. ‘पूर्वशोक’ लिहा आणि लगेच उलगडून सांगा: ‘आई समोर बसलेली असते, जेवते, बोलते, तरी ती गेल्यासारखं रडू येतं.’ पुढे कुठे ‘हळहळ’ आली असेल तर तीही काढा. हळहळ लांबच्यांना वाटते. घरच्यांना लागते ती रुखरुख, शेवटचं बोलायचं राहिलं याची.